पापडाची पुडी आणि दूरचा बाजार

अर्थशास्त्रावर बोलावयास उभ्या राहिलेल्या वक्त्याकडून श्रोत्यांची अपेक्षा असते ती अंदाजपत्रक, चलनवाढ, परदेशी व्यापार असल्या भारदस्त विषयांची. यंदाच्या वसंतात आम्ही प्रथम पेण येथे आणि नंतर रोहे येथे जो विषय मांडला तो त्या मानाने अगदीच घरगुती होता. पोह्यांच्या पापडांची पाव किलोची एक पुडी घ्यावयाची; ती पेणच्या एखाद्या ओट्यावर विकली तर विकणारीच्या पदरात काय पडते आणि तीच ऑनलाइन बाजारात विकली तर काय पडते, एवढेच पाहावयाचे. प्रश्न साधा दिसतो. परंतु दोन्ही गावच्या श्रोत्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हांस जे घेरले, त्यावरून एवढ्याशा पुडीत पुष्कळांचे काही अडकलेले आहे हे आमच्या ध्यानात आले. श्रोत्यांच्या प्रश्नांची उत्तरे येथे आम्ही जागच्या जागी घातली आहेत.

विषय सुचला तो एका भगिनीमुळे. पेणमधील एका आळीत या बाई आणि त्यांच्या चार शेजारणी मिळून पापड लाटतात. पेणचे पापड म्हणजे काय हे पेणकरांस सांगावयास नको. मुंबईहून कोकणात जाणारा मनुष्य गणपतीची मूर्ती पाहावयास पेणला थांबो न थांबो, पापडाच्या दुकानापाशी मात्र थांबतो. या बाईंच्या पुतण्याने हौसेने त्यांचे नाव एका मोठ्या ऑनलाइन बाजारात नोंदवून दिले. घरी येणारे गिऱ्हाईक पुडीला १०० रुपये देई. दूरच्या बाजारात तीच १६० रुपयांस ठेवली. दोन महिन्यांत १४० पुड्या गेल्या. कोठे नागपूर, कोठे बंगळूर, एक तर थेट गुवाहाटीस. सगळ्यांना आनंद झाला. मग एके दिवशी पोह्यांचे पुढचे पोते आणावयाची वेळ आली, तेव्हा डब्यात पैसे नव्हते. "माल तर सगळा गेला, भावही चांगला आला, मग पैसे गेले कुठे?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही त्यांच्याजवळ बसून हिशेब केला. तो येथे देतो. तो सोपा व्हावा म्हणून आकडे थोडे गोल करून घेतले आहेत आणि प्रत्येक पार्सल सारखेच धरले आहे.

प्रथम घरच्या ओट्यावरचा हिशेब. एका पुडीस पोहे, मिरची, हिंग, पापडखार, तेल, मीठ मिळून ४५ रुपये लागतात. पिशवी आणि तिच्यावरचे लेबल ५ रुपये. लाटणे, वाळवणे, भरणे याची मजुरी २५ रुपये. एकूण ७५. विक्री १०० रुपयांस. म्हणजे मजुरी सुटून २५ रुपये नफा. येथेच एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. हा नफा शेकडा किती, असे विचारले तर कोणी म्हणेल शेकडा ३३, कारण ७५ रुपयांवर २५ मिळाले. कोणी म्हणेल शेकडा २५, कारण १०० रुपयांत २५ उरले. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. एक खर्चावर काढलेले, दुसरे विक्रीवर काढलेले. आपली घरगुती रीत खर्चावर काढण्याची असते. दूरचा बाजार मात्र आपले सर्व शेकडे विक्रीच्या किमतीवर काढतो. ज्याने हा फरक ओळखला नाही त्याचे पहिले पाऊलच चुकते. "माझा नफा तेहतीस टक्के, त्यांचे कमिशन आठ टक्के, म्हणजे मला पंचवीस टक्के उरले" हे आम्ही आजवर अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. या वाक्यात एका मापाच्या शेरातून दुसऱ्याच मापाचे पावशेर वजा केलेले असतात.

आता १६० रुपयांची पुडी. बाजाराने त्यातून काय काय कापून घेतले? एक, विक्रीवरचे कमिशन. हे प्रत्येक जातीच्या मालास वेगळे असते; आपण शेकडा ८ धरू. ते झाले १२ रुपये ८० पैसे. दुसरा, प्रत्येक ऑर्डरमागे एक ठरावीक आकार, मग माल शंभराचा असो की दीडशेचा. तो आपण १५ रुपये धरू. तिसरे, पार्सल पोहोचविण्याचे भाडे, ५५ रुपये. या तिन्हींची बेरीज ८२ रुपये ८० पैसे. आणि ही बेरीज म्हणजे बाजाराने आपणांस दिलेली सेवा, म्हणून तिच्यावर शेकडा १८ प्रमाणे जीएसटी, १४ रुपये ९० पैसे. एकूण कपात ९७ रुपये ७० पैसे. बाईंच्या खात्यात जमा होतात ६२ रुपये ३० पैसे.

खर्चही आता ७५ राहिला नाही. पापड मोडू नयेत म्हणून बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके, आतला कागद, चिकटपट्टी यांचे १० रुपये वाढले. म्हणजे खर्च ८५ आणि जमा ६२.३०. प्रत्येक पुडीमागे २२ रुपये ७० पैसे तोटा!

मग हा तोटा दोन महिने कोणाच्या लक्षात का आला नाही? याचे कारण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. घरच्या धंद्यात रोख पैसे द्यावे लागतात ते पोहेवाल्याला, मसालेवाल्याला, खोकी विकणाऱ्याला. हा रोख खर्च ६० रुपये होता आणि जमा ६२.३०. म्हणजे दर पुडीस २ रुपये ३० पैसे उरत होते. 'थोडे का होईना, सुटते आहे' असे वाटत राहिले. १४० पुड्यांची विक्री झाली २२,४०० रुपयांची. हाच आकडा मोबाइलच्या पडद्यावर ठळक दिसत होता आणि पुतण्या तोच सर्वांना दाखवीत होता. खात्यात आले ८,७२२ रुपये. रोख खर्च झाला ८,४०० रुपये. उरले ३२२ रुपये. पाच बायकांची दोन महिन्यांची लाटणी, त्यांची मजुरी होते ३,५०० रुपये, ती कोणी मागितली नाही म्हणून कोणी मोजली नाही. त्याच १४० पुड्या घरच्या ओट्यावर गेल्या असत्या तर रोख खर्च वजा जाता ७,००० रुपये घरात राहिले असते. तीन-चार पार्सले परत आली, पापडांचा चुरा झालेला, आणि उरलेले ३२२ रुपयेही त्यांतच गेले.

घरातील माणसांची मजुरी खर्चात धरावयाची नाही ही आपल्याकडची जुनी खोड आहे. शेतकरी भाताचा भाव काढताना बियाणे आणि खत धरतो, स्वतःचे आणि बायकोचे राबणे धरीत नाही. पापडाच्या धंद्यातही तेच. मजुरी न धरणाऱ्याला दूरचा बाजार नेहमी फायद्याचाच वाटणार, कारण त्याच्या तोट्याला जागा सापडते ती नेमकी त्या न लिहिलेल्या रकमेत.

येथे पेणच्या सभेत एका तरुण श्रोत्याने मध्येच उठून विचारले, "पण आता तर कमिशन शून्य झाले आहे ना?" शंका रास्त होती. २०२१ साली मीशोने विक्रेत्यांस शून्य कमिशन जाहीर केले. २०२५ च्या एप्रिलात ॲमेझॉनने ३०० रुपयांच्या आतील पुष्कळ वस्तूंवरील कमिशन काढून टाकले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लिपकार्टने १,००० रुपयांच्या आतील मालास ती सवलत दिली. या चढाओढीचा लाभ लहान विक्रेत्यास झाला हे नाकारता येणार नाही. पण आपल्या पुडीचा हिशेब पुन्हा करून पाहा. कमिशन शून्य धरले तरी १५ रुपयांचा ठरावीक आकार आणि ५५ रुपयांचे भाडे राहिले. त्यावरील जीएसटी धरून ते ८२ रुपये ६० पैसे होतात. हाती आले ७७.४०, खर्च ८५. तोटा अजूनही ७ रुपये ६० पैसे आहेच. स्वस्त आणि लहान मालास मारते ते कमिशन नव्हे. मारते ते भाडे आणि दर पार्सलामागचा ठरावीक आकार. कमिशन तरी किमतीच्या प्रमाणात असते. हे दोन आकार १६० च्या पुडीला आणि ४०० च्या पुड्याला फारसे वेगळे नसतात.

यावरून कोणी असे म्हणेल की हा सारा लुटीचा प्रकार आहे. आम्हांस तसे वाटत नाही. दलाली हा प्रकार कुलाबा जिल्ह्यास (१९८१ पासून आपण त्यास रायगड म्हणतो) काही नवीन नाही. धरमतरच्या खाडीतून येथला तांदूळ आणि मीठ मुंबईस जात असे तेव्हाही नावेचे भाडे होते, हमाली होती, तोलाई होती आणि पलीकडे अडत्या बसलेला होता. महाराष्ट्रात १९६३ साली बाजार समित्यांचा कायदा झाला तो या कपातींना काही शिस्त लागावी म्हणूनच. आणि २०१६ साली फळे व भाजीपाला यांवरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. अडत्या फुकट खात होता काय? नाही. तो गिऱ्हाईक शोधून देई, उधारीची जोखीम घेई. दूरचा बाजारही तेच करतो, किंबहुना जास्त करतो. नागपूरच्या गृहिणीस पेणचा पापड आहे हे तो कळवितो, तिच्याकडून पैसे घेतो, पार्सल तिच्या दारात टाकतो. हमरस्त्यावरचा दुकानदारही पुडीमागे पंधरा-वीस रुपये ठेवतोच की! फरक असा की दुकानदाराची कपात एका वाक्यात कळते: "काकू, तुम्हांला पंच्याऐंशी देईन." दूरच्या बाजाराची कपात चार नावांनी, चार ठिकाणी आणि विक्री होऊन गेल्यावर कळते.

ती आधी कशी काढावी हे आता सांगतो. रोह्याच्या सभेत हे फळ्यावर मांडू लागताच मागच्या रांगांत थोडी चुळबुळ झाली. तेव्हा आम्ही म्हटले की आकड्यांचे भय निदान रोहेकरांनी तरी बाळगू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण याच गावात गेले. श्रोते हसले आणि फळ्याकडे पाहू लागले.

रीत अशी. आपला सर्व खर्च लिहावा, मजुरीसह. त्यात ठरावीक आकार आणि भाडे त्यांवरील जीएसटीसह मिळवावे. आपणांस हवा असलेला नफा मिळवावा. आता कमिशन राहिले. ते विक्रीच्या किमतीवर असल्याने नुसते मिळवून चालत नाही. शेकडा ८ कमिशन म्हणजे जीएसटी धरून शेकडा ९ रुपये ४४ पैसे. याचा अर्थ गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभरांतले ९० रुपये ५६ पैसेच आपले. म्हणून वरील बेरजेस ९०.५६ ने भागावे आणि १०० ने गुणावे. जी येईल ती किंमत.

पाव किलोच्या पुडीवर हे करण्यात अर्थ नाही. किंमत अशी निघेल की गिऱ्हाईक पाहून पुढे जाईल. म्हणून आम्ही त्या भगिनींस सुचविले की दूरच्या बाजारात चार पुड्यांचा मिळून एक किलोचा पुडा ठेवावा. त्याचा खर्च: चार पुड्यांचे ३०० आणि खोक्याचे २०, मिळून ३२०. ठरावीक आकार २५ आणि भाडे ९० धरू. जीएसटीसह १३५ रुपये ७० पैसे. ओट्यावर चार पुड्यांवर १०० रुपये सुटतात, तेवढेच येथेही सुटावेत. बेरीज ५५५ रुपये ७० पैसे. भागाकार केला की किंमत येते ६१४ रुपये. ओट्यावरचे ४०० आणि येथले ६१४. हा फरक भयंकर वाटतो, पण डोंबिवलीहून पेणला येऊन जाण्याचे भाडे आणि एक अख्खा रविवार ज्याला खर्चावा लागतो त्याला तो तितका वाटणार नाही. कोणाला वाटेल, तो घेणार नाही. ते आधी कळलेले बरे.

आता हे ६१४ घट्ट धरून बसणे सोपे नाही. सणाच्या दिवसांत बाजार विक्रेत्यांस सवलत देण्याचा आग्रह करतो. दहा टक्के सवलत ऐकावयास किरकोळ वाटते. ६१४ वर १० टक्के म्हणजे ६१ रुपये ४० पैसे. कमिशन थोडे घटते ते धरले तरी १०० रुपयांचा नफा ४५ वर येतो. गिऱ्हाइकाला दहावा भाग सोडला, आपला अर्ध्याहून अधिक गेला. जाहिरातीचेही असेच. पुष्कळ बाजारांत यादीत वर दिसण्यासाठी पैसे भरता येतात आणि कोणी आपल्या मालावर बोट टेकविले की त्याचा आकार लागतो, मग तो घेवो वा न घेवो. एका वेळेस ५ रुपये आणि दहांपैकी एकजण घेणारा असे धरले तर एका विक्रीमागे ५० रुपये झाले, जीएसटीसह ५९. शंभरांतले ४१ उरले. सवलत आणि जाहिरात दोन्ही केल्या तर विक्री वाढत जाईल आणि प्रत्येक पुड्यामागे पदरचे चौदा रुपये जातील. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे यादीतला क्रम कोणत्या मुख्य गोष्टींवर ठरतो हे बाजाराने सांगितले पाहिजे. विक्रेत्याने ते पान एकदा तरी वाचावे.

परत येणारे पार्सल हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. खाण्याच्या वस्तू गिऱ्हाइकाकडून सहसा परत घेत नाहीत, परंतु पैसे दारात द्यावयाचे असले की माणूस दारातूनच नको म्हणतो, किंवा घरी सापडतच नाही. पार्सल जाते आणि येते. समजा दोन्ही बाजूंचे भाडे आपल्यावर पडले, जीएसटीसह २१२ रुपये ४० पैसे, आणि आतल्या पापडांचा चुरा झाल्याने ३२० रुपयांचा मालही गेला. एका परतीचा तोटा ५३२ रुपये. वीस पुडे पाठविले आणि एक परत आला तर एकोणीस पुड्यांचे १,९०० रुपये सुटले, त्यांतून ५३२ गेले. दर पुड्यास सरासरी ६८. दोन परत आले तर ३७. तीन परत आले तर पाच रुपये. मूळ किंमत ६१४ ऐवजी चुकून ५६० ठेवली असती तर दोन परतींतच वीस पुड्यांचा सगळा नफा जाऊन वर भुर्दंड बसला असता. म्हणून आपल्या मालाची परती वीसांत किती हा आकडा, विक्रीच्या आकड्यापेक्षाही, भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

हमरापूर भागातील एका मूर्तिकाराने विचारले, "आमची मूर्ती पाच किलोची, पण भाडे चौदा किलोचे लावले. ही लबाडी नव्हे काय?" लबाडी नव्हे, पण आधी माहीत नसेल तर तसेच वाटावयाचे. पार्सल नेणारा दोन वजने काढतो. एक तराजूवरचे, दुसरे आकारमानाचे. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास बहुधा ५,००० ने भागावयाचे. येईल ते किलो. दोहोंत जे जास्त असेल त्यावर भाडे. फूटभर उंचीची मूर्ती, भोवती गवत किंवा फोम, खोके ४५ × ४० × ४० चे. गुणाकार ७२,०००, भागाकार १४.४. मोटारीतली जागा मूर्ती अडविते, वजन नव्हे, असा त्यामागचा विचार आहे. खोके प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर कमी करता आले, ४० × ३५ × ३५, तर तेच वजन ९.८ किलोवर येते. पेणच्या मूर्तिकाराची बोटे शाडूत जितकी कुशल आहेत तितकीच थोडी पुठ्ठ्यात झाली तर दर मूर्तीमागे चार-साडेचार किलोचे भाडे वाचते. अर्थात खोके आवळताना मूर्ती दुखावता कामा नये. पापडाचा चुरा झाला तर तो निदान घरी खाता येतो. हात दुखावलेला गणपती कोणी घेत नाही. शिवाय चतुर्थीच्या आदल्या दिवशी न पोहोचलेली मूर्ती चतुर्थीनंतर परत आली, तर ती वर्षभर जागा अडवून बसते.

रोह्यास एका शेतकऱ्याने कडव्या वालांचे विचारले. वालाची गोष्ट पापडाच्या उलट. तो मोडत नाही, जागा अडवीत नाही, कोरडा आणि कीड न लागलेला ठेवला तर टिकतो. पार्सलास त्यासारखा माल नाही. पण वजनाच्या मानाने त्याची किंमत कमी, आणि भाडे वजनावर. एक किलो वालाच्या किमतीचा मोठा भाग भाड्यातच जाईल. त्याला आम्ही एवढेच सांगितले की बाजारांत बहुधा जवळचे, त्याच भागातले आणि दूर देशीचे असे भाड्याचे तीन दर असतात. पैकी पहिल्या दोहोंवर, म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे येथवर, लक्ष ठेवावे. ज्याच्या घरी वालाची उसळ होते तो गिऱ्हाईकही बहुधा त्याच टापूत राहतो.

आता कराचे थोडे. पापडावर जीएसटी नाही, मातीच्या मूर्तीवरही नाही, हे पुष्कळांस ठाऊक असते आणि त्यामुळे ते निर्धास्त असतात. परंतु बाजाराच्या कमिशनावर आणि भाड्यावर जो शेकडा १८ कर लागतो तो करपात्र माल विकणारा नोंदणीकृत व्यापारी आपल्या करातून वळता करून घेऊ शकतो; करमाफ माल विकणाऱ्याला द्यावयाचा करच नसल्याने वळते करावयास काही राहत नाही. म्हणून पापडवाल्या बाईंना तो १८ टक्के निव्वळ खर्च आहे, आणि वरील हिशेबात तो आम्ही तसाच धरला. आयकरापोटी बाजार विक्रीतून जी रक्कम कापून सरकारात भरतो ती १ ऑक्टोबर २०२४ पासून शेकडा १ ऐवजी दहा पैसे झाली आहे. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर तीही कापली जात नाही. करपात्र मालावर जीएसटीपोटी जी कपात होते ती १० जुलै २०२४ पासून शेकडा अर्धा रुपया आहे. या दोन्ही कपाती बुडत नाहीत, आपल्या नावावर जमा असतात. तेव्हा त्यांना खर्च समजून किंमत वाढवू नये. लहान विक्रेत्यांस, उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर, जीएसटीची पूर्ण नोंदणी न करता आपल्याच राज्यापुरता ऑनलाइन बाजारात माल विकण्याची मुभा १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली आहे. खाद्यपदार्थांस अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र कोठेही विकला तरी हवीच.

छापील किमतीबद्दल एक प्रश्न आला होता. पुडीवर १०० छापून ती दूरच्या बाजारात १६० ला विकता येईल काय? नाही. छापील किमतीहून अधिक घेता येत नाही. मग ओट्यासाठी १०० आणि बाजारासाठी १६० अशा दोन किमती एकाच पुडीवर छापाव्यात काय? तेही नाही, अगदी एकसारख्या बांधीव मालावर दोन निराळ्या छापील किमती ठेवण्यास मनाई आहे. पाव किलोची पुडी ओट्यावर आणि किलोचा पुडा बाजारात ही वाटणी आम्ही सुचविली, तिचे हेही एक कारण. दोन्ही निराळ्या वस्तू झाल्या, दोहोंची किंमत निराळी.

हिशेबात न बसणारी एक गोष्ट उरली. ओट्यावरचे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येते आणि म्हणते, "काकू, मागच्या खेपेचे फार छान फुलले, तिखट तेवढे जरा कमी." दूरच्या बाजारातले गिऱ्हाईक बाजाराचे असते. त्याच्याशी बोलणे व्हायचे तेही बाजाराच्या मार्फत, आणि पुढच्या वर्षी त्याला पहिल्यांदा दिसेल तो ज्याने जाहिरात दिली त्याचा पापड. त्यामुळे ज्या घरच्या धंद्याला सारीच विक्री दूरच्या बाजारात न्यावीशी वाटते त्याला आम्ही घाई करू नका म्हणतो. उद्या आकार वाढले तर बोलावयास जागा राहावी, इतकी विक्री तरी ओट्यावर ठेवावी.

पेणच्या त्या भगिनी व्याख्यानास आल्या होत्या. पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी आम्हांस थांबविले. त्या म्हणाल्या, सगळे बरोबर आहे, पण पुडीची मजुरी तुम्ही पंचवीस धरलीत ती आम्ही स्वतःच कधी ठरविली नव्हती, तुम्ही विचारलेत म्हणून तोंडाला आली ती सांगितली. चौघींना विचारले, त्या तीस म्हणतात. मग पिशवीतून पेन्सिल काढून त्यांनी व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर पुडा नव्याने मांडला. मजुरी १२०, बेरीज ५७५ रुपये ७० पैसे. भागाकार त्यांनी मोबाइलवर केला. ६३६ आले. तो आकडा त्यांनी दोनदा गिरवला आणि पत्रिका घडी घालून पिशवीत ठेवली.